भरलेली कोठारे आणि हरवलेला सरवा
युरोपातील शेतीक्रांती : तिचे भांडवल, तिचे यश आणि तिची किंमत

धान्य, कापूस, तेलबिया किंवा कापड, व्यापार कोणताही असो, त्याचे मूळ शोधत गेल्यास आपण शेवटी एखाद्या शेताच्या बांधावर पोहोचतो. पेढीवरील तेजी-मंदी प्रथम शिवारात घडते आणि मग खतावणीत उतरते. म्हणूनच ज्या काळात युरोपातील शेतीचे स्वरूप मुळापासून बदलले, त्या काळाचा इतिहास व्यापारी कुटुंबांनी आवर्जून जाणून घ्यावा असा आहे. यंत्रांची क्रांती, गिरण्या, रेल्वे आणि साम्राज्य यांची चर्चा पुष्कळ होते. परंतु या सर्वांच्या आधी सुमारे दोनशे वर्षे एक शांत क्रांती शेतात चालू होती. तिच्याविना गिरण्यांतील कामगारांना भाकरी मिळाली नसती आणि बाजारांना ग्राहकही लाभला नसता. या क्रांतीत व्यापाऱ्यांचा पैसा आणि व्यापाऱ्यांची हिशेबी दृष्टी यांचा वाटा फार मोठा होता. तिच्या लाभाइतकीच तिची किंमतही मोठी होती. ती कोणी मोजली आणि कोणी भोगली, हे दोन्ही प्रश्न आजही जुने झालेले नाहीत.

पडीक जमिनीचे कोडे

सोळाव्या शतकापर्यंत उत्तर युरोपातील बहुसंख्य गावांत शेती करण्याची रीत ठरलेली होती. गावच्या शिवाराचे तीन मोठे भाग करत. एकात हिवाळी गहू किंवा राय, दुसऱ्यात सातू, ओट किंवा वाटाणा आणि तिसरा भाग वर्षभर पडीक. पुढल्या वर्षी हे भाग पाळीपाळीने बदलत. म्हणजे कोणत्याही वर्षी गावाची एक तृतीयांश लागवडीची जमीन काहीही पिकवीत नसे. यात आळस नव्हता, नाइलाज होता. सतत धान्य घेतल्यास जमिनीचा कस उतरतो, हे शेतकऱ्याला अनुभवाने ठाऊक होते. जमिनीला विश्रांती देणे आणि त्या काळात तिच्यावर जनावरे चारून शेण मिळवणे, एवढाच उपाय त्याच्या हाती होता.

उत्पन्न तरी किती? पेरलेल्या एका दाण्यामागे चार ते पाच दाणे हाती आले, तर ते समाधानकारक पीक मानले जाई. त्यातील एक दाणा पुढील पेरणीसाठी बाजूला काढावाच लागे. म्हणजे दरसाल आलेल्या मालातील चौथा-पाचवा हिस्सा पुन्हा भांडवल म्हणून मातीत घालायचा आणि उरलेल्यातून खंड, धर्मगुरूंचा दशांश व घरचा उदरनिर्वाह भागवायचा. इतक्या अरुंद पायावर उभा असलेला संसार एका वाईट हंगामाने कोसळत असे. फ्रान्समध्ये १६९३–९४ च्या दुष्काळात आणि त्यामागून आलेल्या साथींत दहा लाखांहून अधिक माणसे मेली. पुढे १७०९ च्या भीषण थंडीने उभी पिके जमिनीतच गोठवली आणि पुन्हा तोच प्रसंग ओढवला.

मुळात हे एक दुष्टचक्र होते. धान्य अधिक हवे असेल तर अधिक जमीन नांगराखाली आणावी लागे. कुरणे नांगरली की चारा घटे, चारा घटला की जनावरे घटत, जनावरे घटली की खत घटे आणि खत घटले की पुन्हा धान्यच घटे. हिवाळ्यात तर चाऱ्याची एवढी टंचाई असे की पुरती जनावरे वसंतापर्यंत जगवणे कठीण होई. या चक्रातून बाहेर पडण्याची वाट सर्वप्रथम सापडली ती कोणा राजाच्या दरबारात नव्हे, तर व्यापारी शहरांनी गजबजलेल्या आजच्या नेदरलँड्स आणि बेल्जियमच्या सखल प्रदेशात.

तळ्याच्या तळाशी गुंतवलेले भांडवल

सतराव्या शतकाच्या आरंभी ॲमस्टरडॅम हे युरोपच्या धान्य-व्यापाराचे केंद्र बनले होते. बाल्टिक समुद्राच्या काठावरील डान्झिगसारख्या बंदरांतून राय आणि गहू भरलेली शेकडो जहाजे तेथे येत. मसाल्यांचा व्यापार अधिक झगमगता असला, तरी डच लोक बाल्टिकच्या या धान्य-व्यापारालाच ‘मूळ व्यापार’ किंवा ‘माता-व्यापार’ म्हणत, कारण बाकी सर्व उलाढाल त्याच्या जोरावर उभी होती. बाहेरून धान्य नियमित येऊ लागल्यामुळे डच शेतकऱ्याला घरच्या भाकरीपुरते धान्य पिकवण्याची सक्ती उरली नाही. तो लोणी, चीज, जवसाचा धागा, रंगासाठी मंजिष्ठ, भाजीपाला आणि फुले अशा अधिक किमतीच्या मालाकडे वळला. बाजार जवळ, कालव्यातून वाहतूक स्वस्त आणि व्याजाचे दर युरोपात सर्वांत कमी, अशी तिहेरी अनुकूलता त्याला लाभली.

याच काळातील एक उद्योग आपल्या वाचकांनी विशेष लक्षात घ्यावा असा आहे. ॲमस्टरडॅमच्या उत्तरेस बेमस्टर नावाचा एक प्रचंड जलाशय होता. तो उपसून त्याच्या तळाची जमीन शेतीखाली आणण्याची योजना १६०७ मध्ये काही श्रीमंत व्यापाऱ्यांनी हाती घेतली. त्यांच्या अग्रभागी होते डर्क व्हान ओस. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या संस्थापक-संचालकांपैकी ते एक होत. १६०२ साली त्या कंपनीच्या भागभांडवलाची नोंदणी ॲमस्टरडॅममध्ये त्यांच्याच घरी झाली होती. पूर्वेकडील मसाल्यांच्या सफरींत जे धैर्य आणि जी भागीदारीची पद्धत वापरली, तीच त्यांनी घरच्या पाण्याखालील जमिनीसाठी वापरली. एकूण १२३ भागीदारांनी पैसा घातला. जलाशयाभोवती बांध आणि कालवा काढण्यात आला. पाणी टप्प्याटप्प्याने वर उचलून समुद्राकडे लोटण्यासाठी पवनचक्क्यांची रांग उभी राहिली. या कामात यान लेगवाटर या पवनचक्की-कारागिराचे नाव प्रसिद्धीस आले.

१६१० मध्ये वादळाने बांध फोडला आणि अर्धवट उपसलेले तळे पुन्हा भरले. भागीदारांनी माघार घेतली नाही. बांध अधिक उंच बांधला, पवनचक्क्यांची संख्या वाढवून चाळीसच्या वर नेली आणि १६१२ साली सुमारे सात हजार हेक्टर जमीन कोरडी झाली. समुद्रसपाटीपेक्षा कित्येक फूट खाली असलेली ही भूमी सरळ रेषांनी आखून तिचे चौकोनी तुकडे भागीदारांत वाटण्यात आले. आज तिची गणना जागतिक वारसास्थळांत होते. जमीन ही केवळ वडिलोपार्जित मिळण्याची वस्तू नसून ती भांडवलाने निर्मिताही येते, ही कल्पना युरोपला या उद्योगाने दिली.

एका तिपानी गवताची करामत

डच प्रदेशाच्या दक्षिणेस फ्लँडर्समध्ये शेतकरी वेगळ्या मार्गाने त्याच उद्दिष्टाकडे चालले होते. तेथे शेते लहान, जमीन बरीचशी रेताड आणि लोकवस्ती दाट. जमीन पडीक ठेवणे परवडणारे नव्हते. म्हणून तेथील शेतकऱ्याने धान्याच्या पिकांमध्ये सलगम आणि क्लोव्हर नावाचे तिपानी गवत पेरण्याचा परिपाठ ठेवला. गेन्ट, अँटवर्प अशा शहरांतील सोनखत, राख आणि कचरा होड्यांतून विकत आणून तो आपल्या वाफ्यांत घालू लागला. शहराने टाकून दिलेली वस्तू गावाने पैसे देऊन घ्यावी आणि त्याच्या मोबदल्यात शहराला धान्य व दूध पुरवावे, असा हा फेरा होता.

इंग्लंडमधील यादवी युद्धाच्या काळात सर रिचर्ड वेस्टन या जमीनदारास मायदेश सोडून फ्लँडर्समध्ये राहावे लागले. परागंदा माणसाने दुसऱ्याच्या देशात डोळे उघडे ठेवून हिंडावे, तसे ते हिंडले. ज्या रेताड माळरानासारखी जमीन इंग्लंडात कोणी फुकट घेणार नाही, ती येथे जवस, सलगम आणि क्लोव्हर यांच्या फेरपालटीने सोने पिकवते, हे पाहून त्यांनी सविस्तर टिपण लिहिले. सॅम्युएल हार्टलिब यांनी ते १६५० साली लंडनमध्ये प्रसिद्ध केले. क्लोव्हरचे बी हॉलंडहून इंग्लंडच्या बंदरांत विकावयास येऊ लागले.

क्लोव्हर हे आपल्याकडील बरसीम आणि लसूणघास यांच्या जातकुळीतले पीक. त्याच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू हवेतील नत्र पकडून जमिनीत साठवतात. हे शास्त्रीय कारण हेलरिगेल आणि विल्फार्थ या जर्मन संशोधकांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध केले. शेतकऱ्यांना मात्र कारण कळण्याआधी दोन-अडीचशे वर्षे परिणाम कळला होता. ज्वारी-गव्हाच्या रानात हरभरा किंवा तूर फिरवून घेणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला यात आश्चर्य वाटणार नाही. युरोपच्या थंड मुलखात मात्र या ज्ञानाचा पद्धतशीर उपयोग होण्यास सतरावे शतक उजाडावे लागले.

नॉरफोकचा चौपदरी क्रम

इंग्लंडच्या पूर्वेकडील नॉरफोक परगण्यात ही पद्धत पूर्णत्वास गेली. पहिल्या वर्षी गहू, दुसऱ्या वर्षी सलगम, तिसऱ्या वर्षी सातू आणि चौथ्या वर्षी क्लोव्हर, असा हा क्रम. त्यात पडीक वर्षच नाही. सलगमाच्या ओळींत खुरपणी होत असल्याने तण मरे. सलगम हे हिवाळ्यात गुरामेंढरांना चारा म्हणून पुरे. क्लोव्हर जमिनीला नत्र देई आणि जनावरांना हिरवा चाराही देई. जनावरे अधिक म्हणजे खत अधिक आणि खत अधिक म्हणजे पुढच्या वर्षी गहू अधिक. पूर्वी जे चक्र शेतकऱ्याला खाली ओढत होते, तेच आता उलट्या दिशेने फिरून त्याला वर नेऊ लागले.

या बदलाचे श्रेय लोककथेने चार्ल्स टाउनशेंड यांना दिले. ते ब्रिटनचे मंत्री होते. १७३० साली राजकारण सोडून ते नॉरफोकमधील रेनम येथील जमिनीवर गेले आणि सलगमाच्या लागवडीचा त्यांनी इतका ध्यास घेतला की ‘सलगम टाउनशेंड’ हेच त्यांचे टोपणनाव पडले. वास्तविक त्यांच्या आधी कित्येक दशके नॉरफोकमधील साधे शेतकरी सलगम लावीत होते. पण थोरामोठ्यांनी एखादी गोष्ट केली की तिला प्रतिष्ठा लाभते आणि तिचा प्रसार वेगाने होतो. पुढल्या पिढीत होल्कमच्या थॉमस कोक यांनी आपल्या कुळांना एकवीस वर्षांपर्यंतचे दीर्घ पट्टे देण्याची रीत पुढे चालवली आणि पट्ट्यातच पिकांच्या फेरपालटीच्या अटी लिहिल्या. जमीन उद्या आपल्या हातून जाईल या भीतीत वावरणारे कूळ तिच्यात चुनखडीची माती किंवा खत घालण्याचा खर्च कशाला करील? दीर्घ कराराने त्याला आपल्या खर्चाचे फळ स्वतः घेण्याची खात्री मिळाली. हे बियाण्यातले नव्हे, कागदावरचे परिवर्तन होते आणि त्याचे मोल सलगमाहून कमी नव्हते.

अवजारेही बदलली. १७३० मध्ये ‘रॉदरॅम’ नावाच्या हलक्या नांगराचे पेटंट घेतले गेले. त्याला ओढण्यासाठी पूर्वीपेक्षा कमी जनावरे लागत. जेथ्रो टल या बर्कशायरच्या वकिली शिकलेल्या शेतकऱ्याने १७०१ च्या सुमारास, ऑर्गन या वाद्यातील रचनेवरून कल्पना घेऊन, ओळीने बी पेरणारे यंत्र तयार केले. मूठमूठ बी फेकून पेरण्याच्या रीतीत निम्मे बी वाया जाई आणि ओळी नसल्याने मधली कोळपणी अशक्य होई. टल यांचे यंत्र ठरावीक अंतरावर, ठरावीक खोलीवर बी सोडी आणि ओळींमधून घोड्याचे कोळपे फिरवता येई. मजुरांनी ते वापरण्यास नकार दिला. शेजाऱ्यांनी थट्टा केली. इंग्लंडमध्ये पेरणीयंत्र सर्रास रुळण्यास एकोणिसावे शतक उजाडले.

येथे आपल्या मातीशी असलेला एक खरा संबंध सांगितला पाहिजे. दख्खनच्या पठारावर तिफण आणि पाभर ही ओळीने पेरणारी अवजारे आधीपासून रूढ होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस कंपनी सरकारच्या एका इंग्रज अधिकाऱ्याने दक्षिण भारतातील अशा पेरणी-अवजाराचे कौतुकाने वर्णन करून ते विलायतेच्या कृषिमंडळाकडे कळवले. ज्या वस्तूचे इंग्लंडमध्ये नवल वाटत होते, ती येथील सामान्य कुणब्याच्या घरी आढ्याला टांगलेली होती.

बाजार, पेढ्या आणि भाव

१७०० साली इंग्लंडची लोकसंख्या पन्नास लाखांच्या आसपास होती. १८०१ च्या पहिल्या जनगणनेच्या वेळी ती साडेआठ लाखांच्या दसपटीवर, म्हणजे सुमारे पंच्याऐंशी लाखांवर गेली होती. तरीही या वाढलेल्या लोकांना बहुतांशी देशातील शेतीनेच जगवले. एकरी गव्हाचे उत्पादन मध्ययुगाच्या मानाने साधारणपणे दुप्पट झाले होते. आणखी महत्त्वाची गोष्ट ही की, एवढे धान्य पिकवण्यासाठी पूर्वीच्या मानाने थोडे हात पुरत होते. मोकळे झालेले हात खाणींत, बंदरांत, मागांवर आणि पुढे गिरण्यांत गेले.

यात सरकारी धोरणाचाही हात होता. १६८९ पासून इंग्लंडने धान्याच्या निर्यातीवर बक्षीस देण्यास सुरुवात केली. भाव पडण्याची भीती कमी झाल्याने शेतकरी निर्धास्तपणे अधिक पेरू लागला. १७६० च्या दशकापर्यंत इंग्लंड धान्य निर्यात करणारा देश होता. लंडनच्या मार्क लेनमध्ये धान्याचा मोठा बाजार उभा राहिला. सगळा माल गाडीवर लादून आणण्याऐवजी पिशवीभर नमुना दाखवून सौदे होऊ लागले. शेतीत पैसा खेळू लागल्यावर परगण्यांतही पेढ्या निघाल्या. नॉर्विच शहरात लोकरीच्या धाग्याचा व्यापार करणाऱ्या, क्वेकर पंथाच्या गर्नी कुटुंबाने १७७० मध्ये सुरू केलेली पेढी त्यांपैकी एक. चोख वजन, एकच भाव आणि दिलेला शब्द यांसाठी क्वेकर व्यापारी ओळखले जात. हीच पेढी १८९६ मध्ये बार्कलेज बँकेच्या उभारणीत विलीन झाली.

पण नमुन्यावर होणारा सौदा म्हणजे गावच्या बाजारात धान्य न दिसणे. महागाईच्या वर्षी आपल्या डोळ्यांदेखत गव्हाच्या गाड्या दूर शहराकडे जाताना पाहून गरीब लोक खवळत. १७६६, १७९५ आणि १८०० या वर्षांत इंग्लंडमध्ये ठिकठिकाणी धान्याचे दंगे झाले. त्यांचे एक वैशिष्ट्य प्रत्येक व्यापाऱ्याने ध्यानात ठेवण्याजोगे आहे. अनेक ठिकाणी जमावाने कोठार लुटले नाही. धान्य ताब्यात घेतले, आपल्या मते रास्त असलेल्या भावाने ते विकले आणि आलेले पैसे मालकाच्या हाती दिले. लोकांचा राग व्यापारावर नव्हता. अडचणीच्या काळातील अवाजवी नफ्यावर होता. इतिहासकार ई. पी. टॉम्पसन यांनी या वर्तनामागे एक नैतिक अर्थशास्त्र होते, असे दाखवून दिले आहे.

कुंपण आणि सरवा

आता या कथेची दुसरी बाजू. जुन्या गावपद्धतीत शेते सामायिक शिवारात पट्ट्यापट्ट्यांनी विखुरलेली असत. सुगीनंतर त्या रानात सर्वांची जनावरे चरत. शिवाय गायरान आणि झाडोऱ्याची पडीक जमीन असे. ज्याच्या नावावर एक गुंठाही नाही, अशा झोपडीवाल्या मजुरालाही एखादी गाय चारण्याची, सरपण तोडण्याची आणि कापणीनंतर शेतात पडलेली कणसे वेचण्याची वहिवाट होती. आपल्याकडे ज्याला सरवा वेचणे म्हणतात, तीच ही रीत. एखाद्या विधवेने आणि तिच्या मुलांनी सुगीत वेचलेला सरवा कित्येक आठवड्यांच्या भाकरीची सोय करी.

नव्या पद्धतीने शेती करायची तर आपले रान एकत्र आणि कुंपणात असावे, असे मोठ्या जमीनदारांचे म्हणणे होते. ते संसदेकडे अर्ज करत, कायदा मंजूर होई आणि नेमलेले आयुक्त गावाची मोजणी करून प्रत्येकाला त्याच्या कागदोपत्री हक्काच्या प्रमाणात सलग जमीन देत. १६०४ ते १९१४ या काळात असे ५,२०० हून अधिक कायदे झाले आणि इंग्लंडच्या एकूण क्षेत्रफळाच्या पाचव्या हिश्श्याहून थोडी अधिक, म्हणजे सुमारे अडुसष्ट लाख एकर जमीन त्यांच्याखाली आली. त्यांतील बहुसंख्य कायदे १७६० नंतरच्या सत्तर-ऐंशी वर्षांतले आहेत. लहान शेतकऱ्याला वाट्याला आलेल्या तुकड्याचा कुंपणखर्च आणि कायद्याचा खर्च झेपत नसे. तो तुकडा विकून मजूर होई. ज्याच्याजवळ केवळ वहिवाट होती, कागद नव्हता, त्याला बहुधा काहीच मिळत नसे. गायरान गेले म्हणजे गाय गेली आणि गाय गेली म्हणजे मुलांच्या तोंडचे दूध गेले.

सरव्याचा प्रश्न तर न्यायालयात गेला. सफोक परगण्यातील टिमवर्थ गावी मेरी हॉटन नावाच्या स्त्रीने जेम्स स्टील यांच्या शेतात सरवा वेचला, म्हणून तिच्यावर दावा झाला. १७८८ मध्ये न्यायालयाने बहुमताने निर्णय दिला की, सरवा वेचण्याचा असा कोणताही हक्क देशाच्या कायद्यात नाही. शतकानुशतके चालत आलेली रीत शेतमालकाच्या मर्जीवर आली. तरीही अनेक गावांत लोकांनी ती पुढे चालू ठेवली आणि बऱ्याच शेतमालकांनी ती अडवली नाही, हे त्यांच्या माणुसकीचे लक्षण.

ज्याने पुरस्कार केला, त्यानेच हिशेब मांडला

आर्थर यंग हे या नव्या शेतीचे सर्वांत मोठे प्रचारक. इंग्लंड, आयर्लंड, फ्रान्स पालथे घालून त्यांनी पिके, मजुरी, खंड आणि भाव यांच्या तपशीलवार नोंदी केल्या. १७८४ पासून त्यांनी शेतीविषयक नियतकालिक चालवले. त्यात प्रत्यक्ष राजा तिसरा जॉर्ज टोपणनावाने लिहीत असे. १७९३ मध्ये स्थापन झालेल्या कृषिमंडळाचे ते चिटणीस झाले. कुंपणबंदीचा त्यांच्याइतका हिरिरीने पुरस्कार क्वचितच कोणी केला असेल.

परंतु हाच माणूस शतकाच्या अखेरीस गावोगावी पुन्हा हिंडला. कुंपणबंदीनंतर झोपडीत राहणाऱ्या कुटुंबांकडे पूर्वी किती गायी होत्या आणि आता किती उरल्या, हे त्यांनी विचारून लिहून घेतले. १८०१ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत त्यांनी स्पष्टपणे मांडले की, बहुतेक सगळ्या कुंपण-कायद्यांनी गरिबांचे नुकसानच केले आहे, आणि पडीक जमिनीतून प्रत्येक मजूर कुटुंबाला गाय व बाग पोसण्यापुरता तुकडा मिळालाच पाहिजे. कृषिमंडळाला ही सूचना रुचली नाही आणि मंडळाने ती आपल्या नावे छापली नाही. यंग यांचे मोठेपण यात आहे की, उत्पादनाचे आकडे जितक्या काळजीने टिपले, तितक्याच काळजीने त्यांनी हानीचेही आकडे टिपले.

आणखी एक गोष्ट संशोधनाने पुढे आली आहे. अर्थेतिहासकार रॉबर्ट ॲलन यांनी दक्षिण मिडलँड्स या प्रदेशाच्या जुन्या नोंदी तपासून असे प्रतिपादन केले की, एकरी उत्पन्नातील बरीचशी वाढ सतराव्या शतकात, सामायिक शिवारातील स्वतंत्र लहान शेतकऱ्यांनीच घडवली होती. नंतरच्या कुंपणबंदीने उत्पन्नात भर थोडी घातली. मात्र जमीनदारांचा खंड पुष्कळ वाढवला. या मतावर विद्वानांत वाद आहे. पण प्रगतीसाठी गरिबाची गाय जाणे अटळच होते, असे आता कोणी सहज म्हणू शकत नाही.

उशिरा आलेली बाकी

ज्या खर्चाची नोंद होत नाही, तो नाहीसा होत नाही, पुढच्या पानावर जातो. १७९५ मध्ये महागाईने मजूर उपाशी मरू लागले, तेव्हा बर्कशायरच्या न्यायाधीशांनी स्पीनमलँड येथे जमून भाकरीचा भाव आणि कुटुंबातील माणसे पाहून गावनिधीतून मजुरीला जोड देण्याचे ठरवले. हेतू दयेचा होता. पण उरलेली रक्कम गाव देणारच, हे जाणून अनेक मालकांनी मजुरी कमीच ठेवली. १८१५ मध्ये संसदेने कायदा केला की, गव्हाचा भाव एका क्वार्टरला ऐंशी शिलिंगांपर्यंत चढेपर्यंत परदेशी गहू आत येऊ द्यायचा नाही. जमीनदारांचा खंड सुरक्षित झाला, भाकरी मात्र महाग राहिली. व्यापारी आणि कारखानदारांच्या दीर्घ चळवळीनंतर १८४६ साली हे निर्बंध रद्द करण्याचा निर्णय झाला.

त्याआधी मजुरांचा संयम सुटला होता. पूर्वी हिवाळाभर हाताने मळणी करून गरीब घरे जगत. आता ते काम मळणीयंत्रे करू लागली. १८३० च्या ऑगस्टअखेर केंट परगण्यात मजुरांनी पहिले मळणीयंत्र फोडले आणि काही महिन्यांत दक्षिण इंग्लंडभर हा वणवा पसरला. गंज्या पेटल्या, यंत्रे मोडली. दंगेखोरांच्या हातून मात्र एकाही माणसाचा जीव गेला नाही. तरी १९ जणांना फाशी झाली आणि सुमारे पाचशे जणांना जहाजात घालून ऑस्ट्रेलियाकडे हद्दपार केले गेले.

जमिनीनेही आपला हिशेब मागितला. इंग्लंडच्या फेन या दलदलीच्या प्रदेशात डच अभियंता कॉर्नेलियस व्हर्मायडेन यांनी, बेडफोर्डचे अर्ल आणि त्यांच्या भागीदारांच्या पैशाने, सतराव्या शतकात कालवे काढून मोठा भूभाग कोरडा केला. मासे, पाणपक्षी आणि लव्हाळे यांवर जगणाऱ्या तेथील लोकांनी बांध फोडून प्रतिकार केला, तो मोडून काढण्यात आला. जमीन अत्यंत सुपीक निघाली. पण पाणी काढताच तिची भुसभुशीत माती आकसू लागली, रान नदीपेक्षा खाली गेले आणि पाणी उपसण्यासाठी आधी पवनचक्क्या, मग वाफेचे पंप बसवावे लागले. होल्म फेन येथे १८५१ च्या सुमारास एक खांब जमिनीत पूर्ण गाडून त्याचे टोक मातीच्या पातळीवर ठेवले होते. आज तो खांब सुमारे चार मीटर उघडा पडला आहे. खांब तेथेच आहे, जमीन खाली गेली.

आपल्या विचारासाठी

या इतिहासातून कोणी असा अर्थ काढू नये की जुनी रीत बरी होती. पडीक शिवार आणि दहा वर्षांतून एकदा येणारा दुष्काळ यांत कोणतेही पुण्य नव्हते. बेमस्टरच्या भागीदारांचे धैर्य, फ्लँडर्सच्या शेतकऱ्याची चिकाटी, नॉरफोकचा चौपदरी क्रम, होल्कमचे दीर्घ पट्टे यांनी कोट्यवधी माणसांना उपासमारीतून वाचवले. भांडवल, ज्ञान आणि विश्वासाचा करार एकत्र आले म्हणजे माती किती देऊ शकते, याचा हा पुरावा आहे.

प्रश्न आहे तो वाटणीचा. ज्या गावांत पडीक जमिनीतून मजुरांना बाग-गायीपुरता तुकडा मिळाला, तेथे नवी शेती आणि गरिबाचे घर दोन्ही टिकली, हे यंग यांनी स्वतः पाहून लिहिले होते. म्हणजे उपाय ठाऊक होता, खर्चिकही नव्हता. तो योजण्याची इच्छा अपुरी पडली. गर्नी कुटुंबाच्या पेढीचा उल्लेख वर आला आहे. त्याच कुटुंबात जन्मलेल्या एलिझाबेथ फ्राय यांनी १८१३ पासून लंडनच्या न्यूगेट तुरुंगातील स्त्रिया आणि त्यांची मुले यांच्यासाठी, तसेच हद्दपारीच्या जहाजांवर चढवल्या जाणाऱ्या स्त्री-कैद्यांसाठी आयुष्य वेचले. पेढीवर संपत्ती साठत असताना त्याच घरातील एका मुलीने, त्या काळाने ज्यांना कडेला लोटले त्यांची गणती ठेवली.

आपल्या घरांतील तरुण पिढी आज नव्या व्यवसायांत भांडवल घालत आहे. गोदामे, शीतगृहे, यंत्रसामग्री, जमीन यांचे आराखडे घरोघरी मांडले जातात. त्या आराखड्यांत व्याज, घसारा आणि नफा यांचे रकाने असतातच. त्यांच्या शेजारी आणखी एक रकाना आखावा. या बदलाने कोणाची गाय जाईल, कोणाचा सरवा थांबेल, आणि त्याची भरपाई आपण आजच कशी करू, हे त्यात लिहावे. इंग्लंडमध्ये तो रकाना वेळेवर कोणी भरला नाही. त्याची बाकी पुढे तीन पिढ्या फेडत राहिल्या.